कॅमेरे चार, पण रेकॉर्डर कोण बघतो?

नवीन बॅचच्या पहिल्या दिवशी मी एक प्रश्न हमखास विचारतो. "ज्यांच्या दुकानात किंवा घरी कॅमेरे आहेत त्यांनी हात वर करा." निम्म्याहून जास्त हात वर येतात. मग मी म्हणतो, "काल संध्याकाळी सात वाजता तुमच्या गल्ल्यासमोर कोण उभं होतं, ते जे पाच मिनिटांत काढून दाखवू शकतात त्यांनीच हात वर ठेवा." धडाधड हात खाली येतात. एखादा राहतो, आणि तो बहुतेक वेळा कॅमेरे बसवण्याचाच धंदा सुरू करायला आलेला असतो!

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग पटलं तर पुढे वाचा. ज्याला रेकॉर्डर स्वतः चालवायचा नाही, त्याने कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत. तेवढ्या पैशात माल भरावा. कॅमेरा फक्त बघतो. झालेली गोष्ट लक्षात ठेवायचं काम कपाटावर धूळ खात पडलेला तो काळा डबा करतो, आणि तुम्ही खरे पैसे मोजता ते त्या लक्षात ठेवण्यासाठी. गंमत अशी, की कॅमेरा घेताना आपण किती मेगापिक्सेल, रात्री रंगीत दिसतं का, असे दहा प्रश्न विचारतो. डब्याबद्दल एकच प्रश्न असतो, "हा ठेवायचा कुठे?"

ज्यांना नावांचा गोंधळ होतो त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या जाड केबलवर चालणारे कॅमेरे असतील तर त्यांचा रेकॉर्डर म्हणजे डीव्हीआर. इंटरनेटच्या लॅन केबलवर चालणारे आयपी कॅमेरे असतील तर एनव्हीआर. आणि बल्बसारखा दिसणारा वायफाय कॅमेरा घेतला असेल तर त्याच्या पोटात मेमरी कार्ड असतं, तोच रेकॉर्डर. चोराने कॅमेरा उपटून नेला तर रेकॉर्डिंगही त्याच्याबरोबर गेलं, एवढं लक्षात ठेवा. नाव काहीही असो, काम एकच. रोज काय झालं ते लिहून ठेवणं. आपल्या रोजमेळासारखं. आणि रोजमेळ न बघणाऱ्या दुकानदाराचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. मार खाऊन सांगतोय.

धनत्रयोदशीचे साडेसहा हजार

माझं कऱ्हाडला गृहोपयोगी वस्तूंचं दुकान. स्टील, प्लास्टिक, कुकर, डबे. चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर बसवून घेतला होता. कॅमेरेवाल्याने सगळं सेटिंग करून दिलं, मोबाईलवर ॲप टाकून दिलं, मी खूश. २०१९ ची धनत्रयोदशी. त्या दिवशी भांड्यांच्या दुकानात काय गर्दी असते ते सांगायला नको. रात्री साडेदहाला हिशोब केला तर गल्ल्यात साडेसहा हजार कमी. दुपारी दोन तास गल्ल्यावर आमच्याकडचा मुलगा बसला होता. दोन वर्षं कामाला होता. वडील नसलेला, शिकत शिकत काम करणारा.

मी त्याला चोर म्हणालो नाही. "बघ जरा, आठवून बघ," एवढंच म्हणालो. पण तीनदा म्हणालो. आणि तिसऱ्यांदा म्हणताना म्हटलं, "असू दे, कॅमेऱ्यात दिसेलच."

कॅमेऱ्यात काही दिसलं नाही. कारण डीव्हीआरच्या कॅलेंडरवर गणपतीनंतरचा एकही दिवस नव्हता. हार्ड डिस्क केव्हाच बंद पडली होती. मोबाईलवर चालू चित्र छान दिसत होतं, कारण चालू चित्र दिसायला डिस्क लागतच नाही. आणि सगळ्यात लाज वाटणारी गोष्ट पुढे आहे. डिस्क बिघडली की बहुतेक डीव्हीआर पीप पीप असा आवाज करतात. आमचाही करत होता. गिऱ्हाइकाशी बोलताना डोकं उठतं म्हणून मीच कॅमेरेवाल्याला फोन करून तो आवाज कसा घालवायचा ते विचारलं आणि सेटिंगमधून बंद केला.

दिवाळी झाली, मुलगा भाऊबीजेनंतर आलाच नाही. आईला बरं नाही असा निरोप आला. जानेवारीत जुनी बिलं लावताना वडिलांच्या डायरीत चिठ्ठी सापडली. त्या दुपारी प्लास्टिकच्या मालाच्या वसुलीला आलेल्या माणसाला दादांनी गल्ल्यातून पैसे काढून दिले होते, आणि गर्दीत सांगायचं राहून गेलं होतं. साडेसहा हजारच.

मी त्याच्या घरी गेलो. माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या शेठ, मला दुसरीकडे लागलंय काम." चहा पाजला त्याच्या आईने. पण परत आला नाही. त्याच्यासारखा माणूस मला त्यानंतर मिळाला नाही, आणि तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हे बीबीएत शिकवलेलं नाही.

डिस्क चालू असती तर दोन वाजून अमुक मिनिटांनी दादा गल्ला उघडताना दिसले असते आणि विषय पाच मिनिटांत संपला असता. म्हणून मी आता म्हणतो की रेकॉर्डर चोर पकडायला जितका लागतो, त्याच्या दसपट आपल्या माणसाला निर्दोष ठरवायला लागतो.

तुमची डिस्क किती दिवसांची?

हा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ हवा. गणित सोपं आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने लिहितो असं धरा. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबीच्या वर. मग १ टीबीची डिस्क किती दिवस पुरेल? साधारण अकरा. बाराव्या दिवशी यंत्र पहिला दिवस पुसून त्यावर लिहायला लागतं, आणि तुम्हाला विचारत नाही. तुमच्या यंत्राच्या सेटिंगमध्ये हा वेग बिटरेट या नावाने दिसतो, तो बघून आपलं गणित आपण करा. एच.२६५ हा पर्याय असेल तर तो निवडा. जागा ढोबळमानाने निम्मी लागते, म्हणजे दिवस जवळपास दुप्पट.

अकरा दिवस पुरेसे आहेत का? धंद्यावर अवलंबून आहे. माझ्या बॅचमधल्या एक ताई घरून साड्या विकतात, ऑनलाइन. दोन खोल्यांचं घर. एक कॅमेरा पॅकिंगच्या टेबलावर वरून लावलेला, एक दारात, कुरिअरवाला पार्सल नेताना दिसावा म्हणून. कल्पना एकदम बरोबर. डिस्क ५०० जीबीची. एक दिवस २,४०० रुपयांची पैठणी काठाची साडी परत आली, आणि पुडक्यात निघाली जुनी धुतलेली साडी. तक्रार केली तर समोरून पॅकिंगचा पुरावा मागितला. ताईंनी डीव्हीआर उघडला. पार्सल परत आलं होतं सोळाव्या दिवशी, आणि दोन कॅमेऱ्यांची ती डिस्क होती अकरा दिवसांची. पुरावा होता, पाच दिवसांपूर्वीपर्यंत होता!

आता त्यांनी काय केलंय ते ऐका, कारण खर्च जवळजवळ शून्य आहे. टेबलावरचा कॅमेरा चोवीस तास लिहीत होता. रात्रभर रिकाम्या टेबलाचं चित्रण. तो आता हालचाल झाली तरच लिहितो, त्याला मोशन रेकॉर्डिंग म्हणतात. पॅकिंग दिवसाला दोन-तीन तास, त्यामुळे तीच डिस्क कितीतरी जास्त दिवस पुरते. शिवाय रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या पॅकिंगचा तुकडा पेन ड्राइव्हवर घेतात, फोल्डरला तारीख. परतीची मुदत संपली की पुसतात. पॅक करताना साडी उलगडून काठ, पदर आणि पार्सलवरचा नंबर कॅमेऱ्यासमोर दोन सेकंद धरतात. सुरुवातीला सासूबाई हसायच्या म्हणे, "कॅमेऱ्याला साडी दाखवते ही." आता सासूबाईच धरतात.

दुकानात मात्र गल्ल्यावरचा कॅमेरा मोशनवर ठेवू नका. कधी कधी हालचाल सुरू झाल्यावर पहिले एक-दोन सेकंद निसटतात, आणि गल्ल्यावर तेवढ्यातच काम होतं.

डिस्क घेताना कंजुषी नको. कॉम्प्युटरमधून काढलेली जुनी डिस्क "चालते की" म्हणून बसवून देणारे भरपूर आहेत. चोवीस तास लिहिण्यासाठी वेगळ्या डिस्क मिळतात, वेस्टर्न डिजिटलची पर्पल, सीगेटची स्कायहॉक वगैरे. बिलावर हे नाव आणि सिरियल नंबर लिहून घ्या. पैसे कमी पडत असतील तर एक कॅमेरा कमी घ्या, डिस्क मोठी घ्या. गल्ला आणि दार, दोन जागा नीट दिसल्या तरी छोट्या दुकानाचं बरंच काम होतं.

घड्याळ

ही गोष्ट लोकांना फालतू वाटते. डीव्हीआरवरची वेळ. बऱ्याच यंत्रांत भारताची वेळ, म्हणजे जीएमटी अधिक साडेपाच तास, स्वतःहून लावलेली नसते. काहींतला बटणासारखा सेल संपला की लाइट जाऊन आली की तारीख थेट दहा-पंधरा वर्षं मागे. अशा यंत्रात परवाची दुपार शोधायची तर शोधणार कुठे?

आणि प्रकरण पोलिसांत, कोर्टात गेलं तर? एक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. जालना विधानसभेची २०१४ ची निवडणूक. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दिला की नंतर, यावर वाद झाला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं व्हिडिओ चित्रण महत्त्वाचा पुरावा ठरलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की व्हिडिओची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मूळ यंत्रच हजर केलं आणि मालकाने स्वतः साक्ष दिली तर त्याची गरज नाही. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्यातल्या नमुन्याचे दोन भाग आहेत, एक तुमच्यासारख्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने.

तुम्ही वकील व्हा असं मी म्हणत नाही. पण याचा दुकानातला अर्थ समजून घ्या. मॉनिटरसमोर मोबाईल धरून काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवायला ठीक आहे, पुरावा म्हणून कच्चा आहे. काही घडलं तर त्याच दिवशी रेकॉर्डरच्या बॅकअपमधून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, घटनेच्या आधीची आणि नंतरची पंधरा-वीस मिनिटं धरून. काही यंत्रांची फाइल साध्या मोबाईलवर उघडत नाही, त्या कंपनीचा प्लेअर लागतो. तोही सोबत घ्या. घड्याळ चुकीचं असेल तर लगेच दुरुस्त करू नका. आधी मोबाईलच्या वेळेशी किती मिनिटांचा फरक आहे ते कागदावर लिहा, फोटो काढा, मग दुरुस्त करा. यंत्रच पोलिसांनी नेलं तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

पेन ड्राइव्ह यंत्राने ओळखला नाही तर तो बहुतेक वेळा फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावा लागतो. हे आजच घरी करून बघा. चोरी झाल्यावर हात थरथरत असताना शिकायची ही गोष्ट नाही.

पासवर्ड कुणाकडे आहे?

बॅचमध्ये हा दुसरा प्रश्न. उत्तर ठरलेलं, "कॅमेरेवाल्याकडे असेल." म्हणजे तुमच्या घरात, दुकानात, कधी कधी बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये कोण येतं-जातं ते बघायची किल्ली एका माणसाकडे आहे, ज्याचं आडनावही तुम्हाला आठवत नाही. तो चांगलाच असेल. पण त्याने तुमचं यंत्र स्वतःच्या ॲपच्या खात्यावर जोडलेलं असतं, आणि ॲपमध्ये सहसा एक यंत्र एकाच मुख्य खात्याला जोडता येतं. उद्या त्याने धंदा बदलला, नंबर बदलला, तर तुम्ही तुमच्याच घरात भाडेकरू. नवीन यंत्र बसवताना त्याला सांगा, "खातं माझ्या मोबाईल नंबरवर उघडा, पासवर्ड मी टाकतो, तुम्ही जरा तिकडे बघा." राग येत नाही कुणाला. एटीएमचा पिन टाकताना आपण हेच करतो.

आणि पासवर्ड १२३४५ नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असे हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. कसे? कंपनीने दिलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. त्याच यंत्रांच्या जोरावर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. कुणाच्या तरी किराणा दुकानातला डबा त्या कामाला लागला होता आणि मालकाला पत्ताही नव्हता.

डबा ठेवायचा कुठे, ते पटकन सांगतो. गल्ल्याखाली नाही. चोर आता पहिल्यांदा डीव्हीआर शोधतात. माळ्यावर, कुलपाच्या जाळीच्या कपाटात, हवा खेळेल असा ठेवा, आणि छोट्या यूपीएसवर ठेवा. त्याच यूपीएसवर कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लायही घ्या, नाहीतर लाइट गेल्यावर रेकॉर्डर जागा आणि कॅमेरे झोपलेले.

मोबाईलवर दुकान बघत बसणारे मालक

आता जरा बोचणारं बोलतो. सगळ्यात वाईट वापर कोणता, तर लग्नाच्या पंगतीत बसून मोबाईलवर दुकानाचं चालू चित्र बघणं, आणि तिथून फोन करणं, "खुर्चीवर का बसलाय?" मी केलंय हे. त्यातून चोरी थांबत नाही, कामही वाढत नाही. माणसं फक्त कॅमेऱ्याच्या कोपऱ्याबाहेर उभं राहायला शिकतात. मालकाचं जेवणही जातं आणि धाकही जातो.

काही जण म्हणतात, "अहो, रेकॉर्डिंग असो नसो, कॅमेरा दिसला की लोक घाबरतात, तेवढं पुरे." अनोळखी चोरापुरतं हे थोडंफार खरं आहे, मान्य. पण छोट्या धंद्यातले रोजचे वाद अनोळखी माणसाशी नसतातच. "मी पाचशेची नोट दिली होती." "माल उतरवला तेव्हा पेट्या बाराच होत्या." "चावी मी दिली होती, तुम्हीच ठेवली." हे सगळे ओळखीचे लोक. इथे धाक काय कामाचा? इथे मागे जाऊन बघता यावं लागतं, आणि दोघांनी मिळून बघता यावं लागतं.

माझ्याकडे आता कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात मी रेकॉर्डर दाखवतो. कॅमेरे कुठे आहेत, कुठे नाहीत, मागचं कसं काढायचं. हिशोबात फरक आला तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाने स्वतः म्हणावं, "शेठ, बघूया का?" मुलींची कपडे बदलायची जागा, बाथरूम, ट्रायल रूम इथे कॅमेरा चुकूनही नको. तो थेट गुन्हा आहे. घरच्या कॅमेऱ्याचा कोनही एकदा शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून तपासा. त्यांचा दिवाणखाना तुमच्या डिस्कवर जात असेल तर आज ना उद्या भांडण ठरलेलं.

माझा नेम रविवारचा. दुकान उशिरा उघडतं, चहा होईपर्यंत दहा मिनिटं. प्रत्येक कॅमेऱ्याचा सर्वांत जुना दिवस कुठला दिसतो ते बघतो, मागच्या आठवड्यातली कुठलीही एक वेळ उघडून चालवून बघतो, घड्याळ मोबाईलशी लावून बघतो, काच पुसतो. कोळ्याचं जाळं कॅमेऱ्यावर नेमकं रात्री चमकतं, त्यामुळे झाडूही लागतो. पीप पीपचा आवाज मी परत चालू केलाय.

पुढच्या व्हिडिओत पेन ड्राइव्हवर बॅकअप घेताना मी पडद्यावर दाखवणार आहे, पण त्याआधी तुम्ही एक करा. आत्ता उठून आपल्या डब्याचं घड्याळ बघा आणि किती फरक आहे ते मला लिहा. काल माझं चाळीस सेकंद मागे होतं.